आधी कागद, मग क्रँक

जुनी आरडी बघायला गेलेल्या माणसाला विकणारा पहिल्यांदा दाखवतो ती टाकी. ताजा रंग, नवे स्टिकर, क्रोमवर पडलेलं ऊन. मग किक. दुसऱ्या-तिसऱ्या किकेला इंजिन पेटतं, दोन्ही सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो, आणि तो टणटणीत आवाज कानावर पडला की पन्नाशीतलं गिऱ्हाईकही कॉलेजच्या गेटवर जाऊन उभं राहतं. इथपर्यंत कागदांचा विषय निघालेला नसतो. तो निघतो भाव ठरल्यावर, आणि ‘कागद क्लिअर आहेत हो, टेन्शन घेऊ नका’ एवढ्या एका वाक्यात मिटतो.

जुन्या मोटारसायकली विकत घेऊन पुन्हा उभ्या करण्याचं वेड महाराष्ट्रात चांगलंच फोफावलं आहे. आरएक्स शंभर, येझदी, जावा, सुझुकी शोगन, सगळ्यांनाच मागणी आहे. पण या सगळ्यांत मानाची गाडी एकच, यामाहा आरडी ३५०, जी भारतात राजदूत ३५० म्हणून विकली गेली. महेंद्रसिंह धोनीच्या संग्रहात ती आहे हे कळल्यापासून तर ज्यांनी ती कधी चालवलेली नाही तेही तिच्या शोधात फिरतात. एके काळी भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर चढणारी ही गाडी आज लाखांत बोलली जाते.

मग घ्यावी की न घ्यावी? हौस असेल तर जरूर घ्यावी. फक्त बहुतेक लोक ज्या क्रमाने त्यात पैसा आणि लक्ष घालतात, तो क्रम साफ उलटा असतो. आधी भाव, मग रंग, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी कागद. अर्धवट सोडलेल्या गाड्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहतात, त्या बव्हंशी या क्रमामुळे. तोच उलटा केला, म्हणजे आधी कागद, मग क्रँक, मग ब्रेक आणि उरलेल्या पैशांतून रंग, तर हा व्यवहार एवढा आतबट्ट्याचा राहत नाही.

ही गाडी मुळात १९७३ सालची. यामाहाने जगभर विकलेल्या आरडी ३५०ला ३४७ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन होतं, सहा गिअर होते, ताकद साधारण ३९ अश्वशक्ती, आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. एस्कॉर्ट्सने ती भारतात आणली १९८३ साली. तोवर परदेशात यामाहा पाण्याने थंड होणारी आरडी ३५० एलसी विकून पुढच्या मॉडेलकडे वळलीही होती. आपल्याकडे मात्र दहा वर्षांपूर्वीची ही गाडी पाहून लोकांचे डोळे विस्फारले, कारण आजूबाजूला होतं काय? बुलेट होती १८ अश्वशक्तीची, येझदी होती, आणि दुधाच्या किटल्या लटकवून फिरणारी राजदूत १७५ होती. त्या रांगेत ताशी दीडशेच्या आसपास जाणारी गाडी येऊन उभी राहिली.

तीही पूर्ण ताकदीची नव्हे. इथलं पेट्रोल आणि इथला खिसा पाहून इंजिनाचा दम आधीच कमी केलेला होता. पहिली ‘हाय टॉर्क’, म्हणजे एचटी, साडेतीस अश्वशक्तीची. नंतर अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून काढलेली ‘लो टॉर्क’, एलटी, २७ अश्वशक्तीची. डिस्क ब्रेक काढून पुढेही ड्रमच बसवला. तरी गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि लिटरला ऐंशी किलोमीटरच्या जाहिरातींनी मध्यमवर्गाचा निकाल लावून टाकला. वीस-पंचवीसचं अ‍ॅव्हरेज देणारी आरडी त्या हिशेबात बसणारी नव्हतीच. दशक संपता संपता तिचं उत्पादन थांबलं.

हा इतिहास आजच्या गिऱ्हाइकाने नीट ध्यानात घ्यावा, कारण हातात येणारी प्रत्येक गाडी तोच अंगावर वागवते. मुळात गाड्या थोड्या निघाल्या. पहिल्या मालकाने हौसेने घेतलेली गाडी सुटे भाग परवडेनात म्हणून दुसऱ्याकडे गेली, दुसऱ्याने ती शर्यतीसारखी पिदडली, तिसऱ्याने मिळेल तो भाग बसवून कशीबशी चालती ठेवली. दुरुस्त करणारे मिस्त्री राजदूत १७५ वर हात बसलेले. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, दोन पॉइंट हा प्रकार त्यांनी आपापल्या अंदाजाने हाताळला. त्यामुळे ‘एकदम ओरिजिनल, कंपनी फिटिंग’ हे शब्द जाहिरातीत जेवढे सर्रास भेटतात, तेवढे रस्त्यावर भेटत नाहीत.

आता कागद. १९८३ ते ८९ या काळातली गाडी म्हणजे महाराष्ट्रात ‘एमएच’ मालिका सुरू होण्याआधीचा नंबर, एम या अक्षराने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. तो नंबर पाहून जुन्या गाड्यांचे शौकीन हरखतात, आणि आरटीओतला कारकून कपाळाला हात लावतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. १९८५ची गाडी असेल तर २०००, २००५, २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ अशा सहा वेळा हे व्हायला हवं होतं. किती जणांनी केलं असेल? पूर्वी या नूतनीकरणाची फी दुचाकीला ३०० रुपये होती. १ एप्रिल २०२२पासून ती १,००० झाली आणि ऑगस्ट २०२५च्या दुरुस्तीने वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी २,००० केली गेली. उशिराबद्दल महिन्याला ३०० रुपयांची आकारणी वेगळी, पर्यावरण कर वेगळा. फी फार नाही. पण साचलेली थकबाकी आणि हेलपाटे मिळून गाडीच्या किमतीचा एक लचका तोडतात, आणि तो लचका विकणाऱ्याच्या वाट्याला घालायचा की आपल्या, हे सौदा होण्याआधी ठरवायचं असतं.

त्याहून अवघड गाठी नावांच्या असतात. गाडी सातव्या हातात आली, पण आरसी बुकात नाव अजून पहिल्या मालकाचं. तो हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३०वर त्याच्या सह्या हव्यात. वारला असेल तर वारसांनी फॉर्म ३१ भरायचा, त्यासाठी मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची संमती. त्यातला एक मुलगा पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत असला की वडिलांच्या मोडक्या गाडीसाठी सही पाठवायला कोणी उत्साह दाखवत नाही. आरसीवर कर्जाचा बोजा राहिला असेल तर आणखी मजा. समजा, गाडी १९८५ साली साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँकेच्या कर्जावर घेतलेली आहे. कर्ज कधीच फिटलं, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कोणी दिला नाही. आणि ती बँक तर २००६ साली आयडीबीआयमध्ये विलीन झाली. आता चाळीस वर्षांपूर्वीचं खातं फिटल्याचं पत्र कोणाकडे मागायचं?

तिसरी गाठ चेसिसची. नूतनीकरणाच्या किंवा नावबदलाच्या वेळी चेसिस नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. सौद्याआधी हीच पेन्सिल आपण घासून पाहावी. आकडे एका रेषेत आहेत का, ठशांची खोली सारखी आहे का, भोवतीच्या पत्र्यावर ग्राइंडरचे ओरखडे आहेत का, हे नुसत्या डोळ्यांपेक्षा कागदावरच्या छापात चटकन उमगतं. रंगाखाली पुटी भरलेली असेल तर छाप पुसट येते. एका गाडीचे कागद आणि दुसऱ्या गाडीचा सांगाडा ही या बाजारातली जुनी लबाडी आहे. अशी गाडी कितीही देखणी असली तरी ती न घेतलेलीच बरी, कारण तिच्यावर नंतर कितीही खर्च केला तरी ती कायद्याने कधीच आपली होत नाही. शिवाय जुनी नोंद ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढलेली आहे का, हेही पाहावं. चढलेली नसेल तर मूळ आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. त्याशिवाय आताची सक्तीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही मिळत नाही.

दिल्लीकडची गाडी स्वस्त पडते म्हणून काही जण तिकडे वळतात. ती स्वस्त असण्याचं कारण उघड आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरल्यावर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना राजधानी क्षेत्रातून बाहेर काढण्याची घाई झाली. फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, हातात पडल्याशिवाय अशी गाडी ट्रकमध्ये चढवू नये.

एवढं सगळं सुरळीत निघालं तर मग इंजिनाकडे वळायचं, आणि तिथेही बाहेरून आत नव्हे, आतून बाहेर.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस म्हणजे नुसती क्रँक ठेवायची पेटी नसते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी तिथे येतं, खाली येणाऱ्या पिस्टनने तिथेच दाबलं जातं आणि मग बाजूच्या पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून ती जागा हवाबंद हवी. आरडीत एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो, त्यामुळे खाली दोन वेगवेगळे हवाबंद कप्पे आणि क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील. चाळीस वर्षांत रबर कडक होतं, तडकतं. उजवं सील क्लचच्या बाजूला असतं. ते गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं, मागून पांढरट धुराचे लोट निघतात आणि ऑइलची पातळी उतरते. हा बिघाड निदान दिसतो तरी. डावं सील आल्टरनेटरच्या मागे लपलेलं. ते गेलं तर धूर नाही, गळती नाही, आवाजात फरकही पटकन कळत नाही. तिथून फक्त हवा आत येते. मिश्रणातलं पेट्रोल हवेच्या मानाने कमी पडतं, इंजिन अधिक तापतं, आणि एखाद्या दिवशी हायवेवर गाडी रंगात आलेली असताना पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो. मागचं चाक जागच्या जागी थांबतं. गॅरेजात उभ्या उभ्या दहा मिनिटं सुरू ठेवलेल्या गाडीत यातलं काहीच दिसत नाही.

सील बदलायचं तर इंजिन उतरवायचं, आणि इंजिन उतरवलं की क्रँक करून घ्यायची. ही क्रँक अखंड नसते. वेगवेगळे भाग प्रेसवर दाबून एकत्र बसवलेले असतात. जुने बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड काढायला ती हायड्रॉलिक प्रेसवर उकलावी लागते, नवे भाग घालून परत दाबावी लागते, आणि मग खरं काम सुरू होतं. क्रँक दोन टोकांवर पेलून हळूहळू फिरवायची, डायल गेजची सुई कुठे हलते ते बघायचं, आणि जिथे हलते तिथे तांब्याच्या हातोडीने एकच मोजका ठोका द्यायचा. पुन्हा फिरवायची, पुन्हा ठोका. मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत ती सरळ येईतो हे चालतं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी लेथ आणि प्रेसवर पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी माणसं आहेत, पण दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक क्रँकवर हात बसलेला कारागीर तिथेही विचारत विचारत शोधावा लागतो. म्हणून गाडीच्या आधी मिस्त्री नक्की करावा. तो साठीचा असेल आणि त्याच्या हाताखाली शिकणारं कोणी नसेल, तर तेही हिशेबात धरावं.

सिलिंडरचा मूळ बोअर ६४ मिलिमीटर. घासला की पाव मिलिमीटरने वाढवून पुढच्या मापाचा पिस्टन घालायचा. अशी चार मापं मिळतात, ६५ मिलिमीटरपर्यंत. त्यानंतर नवी स्लीव्ह. पिस्टनच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं, आणि हेड उघडून ते पाहायला फार वेळ लागत नाही. ‘हेड कशाला उघडता, आवाज ऐका ना’ असं म्हणणाऱ्याकडून निघून यावं, हे उत्तम. ऑटोल्यूब पंप जोडलेला आहे का तेही बघावं. इंजिनाचा वेग आणि अ‍ॅक्सिलरेटर पाहून टू-टी ऑइल मोजून देणारा हा पंप इथल्या अनेक मिस्त्रींनी विश्वास बसेना म्हणून काढून टाकला, आणि मालक पेट्रोलमध्येच ऑइल ओतून चालवू लागले. प्रत्येक सिलिंडरला वेगळा पॉइंट, त्यामुळे टायमिंगही दोनदा आणि वेगवेगळं लावायचं. एका बाजूचं चुकलं तर दुसरी बाजू गाडी ओढत राहते आणि चूक कळतच नाही. जमेची बाजू एवढीच की ही गाडी जगभर विकली गेली. इंग्लंड-अमेरिकेत तिचे शौकीन टिकून आहेत, त्यामुळे पिस्टन, सील, गॅस्केट आजही नवे बनतात. इंजिन वाचवता येतं. खरी धावाधाव होते ती मूळ मडगार्ड, साइड पॅनल, मीटर आणि एअर फिल्टरचा डबा यांसाठी. पुण्याचा जुना बाजार आणि नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दिल्लीत करोलबाग अशा वाऱ्या सुरू होतात त्या इथून.

नव्या पेट्रोलचाही प्रश्न आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली वॉशरं खराब करतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. नळ्या आणि वॉशर इथेनॉलला टिकतील असे घालणं हा आता चैनीचा भाग उरलेला नाही. जिच्या चकाकीवर गिऱ्हाईक भाळतं ती टाकी आतून बॅटरी लावून पाहावी.

ब्रेकबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. ‘रॅपिड डेथ’ हे आरडीचं भारतातलं टोपणनाव उगाच पडलेलं नाही. पुढचा सात इंची ड्रम दोन कॅमचा आहे. दोन्ही कॅमच्या हातांना जोडणारी एक छोटी सळई असते आणि तिची लांबी अशी जुळवावी लागते की दोन्ही लायनर एकाच क्षणी ड्रमला टेकतील. जुळली नाही तर एकच लायनर काम करतो. अनेक गाड्यांत ही सळई वर्षानुवर्षं कोणी हलवलेलीही नसते. ड्रम लेथवर गोल करून, लायनर त्याच्या मापाने घासून, सळई जुळवून घेतली तर ब्रेक बऱ्यापैकी लागतो. पण गाडी पळते तेवढ्या वेगाला तो तेव्हाही अपुरा होता आणि आजही आहे. यावर काही जण दुसऱ्या गाडीचा डिस्क ब्रेक बसवतात. जिवाच्या दृष्टीने ते चूक म्हणवत नाही, पण कायद्याची बाजू आडवी येते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई केली आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई काटेकोर ठरवली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत नेला. म्हणजे जुन्या आरडीची मागची बाजू कापून, हँडल खाली घेऊन, आवाजी सायलेन्सर लावून केलेली ‘कॅफे रेसर’ छायाचित्रात कितीही छान दिसो, ती पकडली गेली तर मालकाकडे उत्तर नसतं. आणि उद्या तिला व्हिंटेज म्हणून नोंदवायचं ठरवलं तर तो रस्ताही बंद.

या व्हिंटेज नियमांबद्दलच खरी तक्रार आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये पहिल्यांदा जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले हे चांगलंच झालं. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. पण पंधरा वर्षं आणि पन्नास वर्षं यांच्या मध्ये जे काही आहे ते सगळं या नियमांच्या लेखी केवळ जुनं वाहन. १९८३ची आरडी पन्नाशीला पोचणार २०३३ साली. तोवर वर्षाकाठी तीन-चार रविवारी बाहेर पडणारी जपलेली गाडी आणि रोज शहरात काळा धूर सोडणारी खिळखिळी गाडी एकाच रांगेत. जर्मनीत तीस वर्षं झालेल्या मूळ रूपातल्या गाडीला ‘एच’ अक्षराची वेगळी पाटी मिळते; ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर माफ असतो. आपल्याकडेही तीस वर्षांवर, मर्यादित वापराच्या अटीवर, एक मधला वर्ग करता येईल. फी जास्त लावा, तपासणी कडक ठेवा, किलोमीटरचं बंधन घाला. हौशी माणूस त्याला तयार होईल.

पर्यावरणाचा मुद्दा यात झाकून ठेवण्यासारखा नाही. टू-स्ट्रोक इंजिन जळलेला वायू बाहेर ढकलतानाच ताज्या मिश्रणाचा काही भागही तसाच सायलेन्सरमधून सोडून देतं, वर ऑइल जाळतं. एप्रिल २०००पूर्वीच्या दुचाकींना पीयूसीत हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएमपर्यंत जी सवलत आहे, ती पाहिली तरी त्या काळाची कल्पना येते. अशी गाडी रोज ऑफिसला नेण्याचं समर्थन कोणीही करू नये. ज्याला रोज ती आरडीच चालवायची आहे, त्याने ती घेऊ नये. त्याच्यासाठी आज शोरूममध्ये याहून वेगवान, याहून चांगल्या ब्रेकच्या आणि कमी धुराच्या गाड्या उभ्या आहेत. जुन्या रूपाचीच ओढ असेल तर नवी जावा आणि येझदीही आहेत.

गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांचं गणितही तपासून पाहावं. भाव चढले आहेत हे खरं, पण चढलेले भाव पूर्ण, चालत्या, स्वच्छ कागदांच्या गाड्यांचे. खोकी भरून आणलेल्या सांगाड्यावर क्रँक, बोअरिंग, क्रोमिंग, वायरिंग आणि दोन-तीन वर्षांची मजुरी घातली की खर्च बहुधा तयार गाडीच्या किमतीच्या पुढे जातो. विम्याचाही आधार फारसा नसतो. ३४७ सीसीमुळे ती दीडशे ते साडेतीनशेच्या गटात बसते आणि थर्ड पार्टीचा मूळ हप्ता १,३६६ रुपये पडतो, म्हणजे तीन सीसीने वरचा गट चुकतो. पण हा विमा दुसऱ्याच्या नुकसानीचा. गाडी चोरीला गेली तर त्यातून दमडी मिळत नाही. ज्याने आजवर स्वतः कार्बोरेटर खोलून साफ केलेला नाही, त्याने सुरुवात आरएक्स शंभरपासून केलेली बरी. ९८ सीसी, एक सिलिंडर, ११ अश्वशक्ती, १९८५ ते ९६ एवढा दीर्घ काळ बनलेली, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. तिच्यावर हात बसला की आरडीकडे वळता येतं.

आरडीच घ्यायची हे ठरलंच असेल, तर बाजारातला एक प्रकार मात्र आवर्जून बघण्यासारखा आहे: दुसऱ्या कोणी तरी निम्म्यावर सोडलेली गाडी. रंग झालेला नाही, चाकं सुटी, इंजिन बाकावर, मालक लग्न किंवा बदली किंवा घराच्या हप्त्यामुळे कंटाळलेला. अशा गाडीत लपवायला फार काही नसतं. कागद त्याच्या नावावर आहेत का हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, क्रँक केली असेल तर लेथवाल्याची पावती मागता येते, पिस्टनवरचं माप हातात घेऊन वाचता येतं, टाकीत आणि चेसिसवर पुटी भरायची वेळच आलेली नसते. अडचण एकच, सुट्या गाडीत काय नाही ते चटकन लक्षात येत नाही. म्हणून सोबत मिस्त्री आणि पार्ट्स कॅटलॉगची झेरॉक्स न्यावी, खोकी जमिनीवर रिकामी करावीत, आणि एअर फिल्टरचा डबा, ऑटोल्यूब पंप, दोन्ही साइड पॅनल, मूळ मीटर एवढं दिसल्यावरच पैशांची गोष्ट काढावी.